एरिक मारिया रेमार्क

एरिक मारिया रेमार्क (जन्म : २२ जून १८९८, ऑस्नाब्र्युक, जर्मनी, मृत्यू : २५ सप्टेंबर १९७०, लोकार्नो, स्वित्झर्लंड) हे जर्मन कादंबरीकार होते. त्यांचे मूळ नाव एरिक पाउल रेमार्क. पहिल्या महायुद्धातील सामान्य सैनिकाच्या वाट्याला आलेले जीवन चित्रित करणारी 'इम वेस्टेन निख्ट्स नॉयेस' ही त्यांची कादंबरी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या इंग्रजी नावाने जगभर प्रसिद्ध आहे. नाझी राजवटीने त्यांची पुस्तके जाळली आणि त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. दुसऱ्या महायुद्धाची सर्व वर्षे त्यांनी अमेरिकेत काढली. त्या काळात त्यांचे वडील व दोन्ही बहिणी जर्मनीतच होत्या. धाकटी बहीण एल्फ्रीडे हिला नाझी न्यायालयाने १९४३ मध्ये मृत्युदंड दिला. ही घटना रेमार्क यांना युद्ध संपल्यावर कळली. त्यांच्या उत्तरकालीन लेखनाचा विचार या घटनेला वगळून करता येत नाही.

जन्म व कुटुंब

रेमार्क यांचा जन्म वायव्य जर्मनीतील ऑस्नाब्र्युक या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील पेटर फ्रान्त्स हे पुस्तकबांधणीचे काम करीत. आईचे नाव आना मारिया. घरची स्थिती बेताची होती आणि कुटुंबाला वारंवार बिऱ्हाड बदलावे लागे. थोरला भाऊ थेओडोर लहानपणीच वारला. एरिकच्या पाठीवर एर्ना (जन्म १९००) आणि एल्फ्रीडे (जन्म २५ मार्च १९०३) या दोन बहिणी झाल्या. शिक्षक होणे हा त्या काळी गरीब घरातील हुशार मुलासाठी परवडणारा मार्ग होता. त्याप्रमाणे एरिकने गावातील कॅथलिक अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला.

कुटुंबातील एका जुन्या पिढीत आडनावाचे लेखन फ्रेंच वळणाचे होते. लेखक झाल्यावर रेमार्क यांनी तेच लेखन स्वीकारले आणि पाउल हे मधले नाव टाकून आईच्या स्मरणार्थ मारिया हे नाव धारण केले. पुढे विरोधकांनी या नावबदलाचाच त्यांच्याविरुद्ध वापर केला.

पहिले महायुद्ध

नोव्हेंबर १९१६ मध्ये, शिक्षण अपुरे असतानाच, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना सक्तीने सैन्यात भरती करण्यात आले. जून १९१७ मध्ये त्यांची पश्चिम आघाडीवर रवानगी झाली. ३१ जुलै १९१७ रोजी, फ्लँडर्समधील मोठ्या ब्रिटिश चढाईच्या पहिल्याच दिवशी, तोफगोळ्याचे तुकडे लागून ते जखमी झाले. उरलेल्या युद्धाचा बहुतेक काळ त्यांनी ड्यूसबुर्ग येथील लष्करी रुग्णालयात काढला. प्रत्यक्ष आघाडीवर ते काही आठवडेच होते. त्यामुळे त्यांच्या कादंबरीच्या सत्यतेवर पुढे अनेकदा शंका घेतली गेली. परंतु रुग्णालयात शेजारच्या खाटांवरील सैनिकांकडून ऐकलेल्या हकिकती हाही अनुभवच असतो, हे अशा टीकाकारांनी लक्षात घेतले नाही. ते रुग्णालयात असतानाच सप्टेंबर १९१७ मध्ये आईचे कर्करोगाने निधन झाले.

लेखनाचा आरंभ

युद्धानंतर १९१९-२० या काळात त्यांनी खेड्यांतील शाळांत शिक्षकाची नोकरी केली. पण वरिष्ठांशी पटले नाही व तो व्यवसाय त्यांनी कायमचा सोडला. त्यानंतर हिशेबनीस, थडग्यांच्या दगडांचा विक्रेता, चर्चमधील ऑर्गनवादक असे मिळेल ते काम त्यांनी केले. हानोव्हर येथील एका रबर कंपनीच्या नियतकालिकाचे संपादन केल्यावर १९२५ मध्ये ते बर्लिनला एका क्रीडाविषयक साप्ताहिकात रुजू झाले. त्याच वर्षी त्यांनी युट्टा झाम्बोना हिच्याशी विवाह केला. १९३० मध्ये हा विवाह संपुष्टात आला. पुढे युट्टाला जर्मनीत परत जावे लागू नये म्हणून १९३८ मध्ये त्यांनी तिच्याशी पुन्हा विवाह केला. एका सहीने माणूस वाचू शकतो, याची जाण त्या काळातील निर्वासितांना चांगली होती.

'इम वेस्टेन निख्ट्स नॉयेस' ही कादंबरी एका नामांकित प्रकाशकाने नाकारली होती. नोव्हेंबर १९२८ पासून ती बर्लिनच्या 'फोसिश त्साइटुंग' या दैनिकात क्रमशः आली आणि जानेवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दीड वर्षाच्या आत एकट्या जर्मनीत तिच्या सुमारे दहा लाख प्रती खपल्या. १९३० मध्ये अमेरिकेत लुइस माइलस्टोन यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिनमध्ये हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखालील नाझी कार्यकर्त्यांनी प्रेक्षागृहात दुर्गंधीचे गोळे फोडून व पांढरे उंदीर सोडून खेळ उधळला. सरकारने दंगेखोरांना आवरण्याऐवजी चित्रपटावरच बंदी घातली. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा अजून दोन वर्षांहून अधिक अवधी होता.

देशत्याग

कादंबरीच्या उत्पन्नातून रेमार्क यांनी १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये माज्जोरे सरोवराकाठी पोर्तो रोन्को येथे घर घेतले होते. जानेवारी १९३३ च्या अखेरीस, हिटलर चॅन्सेलर होण्याच्या सुमारास, ते जर्मनी सोडून तेथे गेले. १० मे १९३३ रोजी बर्लिन व इतर विद्यापीठीय शहरांत झालेल्या ग्रंथहोळीत त्यांचीही पुस्तके जाळण्यात आली. ते मूळचे ज्यू असून त्यांचे खरे आडनाव 'क्रामर' (म्हणजे 'रेमार्क' ची उलटी अक्षरे) आहे, अशी अफवा नाझी प्रचारयंत्रणेने पसरवली. ती पूर्णतः खोटी होती, तरी बराच काळ टिकून राहिली. १९३८ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यानंतर त्यांनी पनामाच्या पारपत्रावर प्रवास केला.

वडील पुन्हा विवाह करून ऑस्नाब्र्युकजवळील बाड रोथेनफेल्डे या गावी राहत होते. बहीण एर्ना जर्मनीतच होती. एल्फ्रीडे ड्रेस्डेन येथे शिवणकाम करून पोट भरत होती. यांपैकी कोणीही राजकारणात नव्हते. आपल्या नावामुळे त्यांना त्रास होऊ शकतो, याची कल्पना रेमार्क यांना होती. परंतु राज्यसत्ता एका शिंपिणीच्या बोलण्याची एवढी दखल घेईल, असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नसावे.

अमेरिकेतील वास्तव्य

युरोपात युद्ध पेटण्याच्या बेतात असताना, ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, रेमार्क 'क्वीन मेरी' या जहाजाने निघाले. जहाज समुद्रात असतानाच जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि ब्रिटनने युद्ध पुकारले. ते न्यूयॉर्कला उतरले तेव्हा परतीचा मार्ग बंद झालेला होता.

प्रारंभी ते लॉस एंजेलिस येथे राहिले. या शहरात आणि त्याच्या परिसरात तेव्हा जर्मन निर्वासित लेखक-कलावंतांची एक वसाहतच उभी राहिली होती. थोमास मान, हाइनरिख मान, लिओन फॉइख्टवांगर, बेर्टोल्ट ब्रेख्त, फ्रान्त्स व्हेर्फेल ही त्यांतील काही नावे. थोमास मान हे बी.बी.सी.वरून जर्मन श्रोत्यांसाठी नियमित भाषणे करीत. रेमार्क यांनी मात्र असे जाहीर कार्य केले नाही. ते या मंडळींपेक्षा चित्रपटसृष्टीतील लोकांत अधिक वावरत. अभिनेत्री मार्लेन डिट्रिख यांच्याशी १९३७ पासून त्यांचा निकटचा स्नेह होता. ते सुखवस्तू होते आणि सेझान, व्हान गॉख, देगा यांची मूळ चित्रे त्यांच्या संग्रही होती. यावरून त्यांना युद्धाचे काही सोयरसुतक नाही, असा समज काही निर्वासितांत होता. हा समज वरवरचा होता, हे त्यांच्या पुढील कादंबऱ्यांवरून दिसते.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि जर्मन नागरिक 'शत्रुराष्ट्रीय परकीय' ठरले. १९४० च्या जनगणनेनुसार जर्मनीत जन्मलेल्या सुमारे बारा लाख व्यक्ती अमेरिकेत राहत होत्या. त्यांपैकी ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले नव्हते, अशांची संख्या सुमारे तीन लाख होती. त्यांना लघुलहरींचे रेडिओ व कॅमेरे पोलिसांकडे जमा करावे लागले. लघुलहरींचा रेडिओ हाच अनेकांना मायदेशाशी जोडणारा शेवटचा धागा होता, म्हणून हा नियम वाटतो त्याहून कठोर ठरला. पश्चिम किनाऱ्यावर निर्बंध अधिक कडक होते. रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडण्यास मनाई होती आणि घरापासून पाच मैलांपलीकडे जाण्यास परवानगी लागे. हिटलरने ज्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले, त्या रेमार्क यांनाही जर्मन म्हणून हेच नियम लागू झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये ते न्यूयॉर्कला राहावयास गेले. तेथे ही संचारबंदी नव्हती.

दोन्ही देशांतील टपालव्यवहार युद्धामुळे थांबला होता. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या जिनिव्हा येथील केंद्रामार्फत पंचवीस शब्दांपर्यंतचा संदेश पाठवण्याची सोय तेवढी उरली होती. असा संदेश छापील अर्जावर लिहावा लागे, दोन्ही बाजूंचे अधिकारी तो तपासत आणि उत्तर येण्यास कित्येक महिने लागत. त्यात कौटुंबिक खुशालीखेरीज काही लिहिता येत नसे. अमेरिकेतील बहुसंख्य जर्मन कुटुंबांना आपल्या माणसांची माहिती वर्तमानपत्रांतील बॉम्बहल्ल्यांच्या बातम्यांवरूनच अदमासाने काढावी लागे. आपले गाव बातमीत आले की घाबरायचे आणि नाही आले तरी निश्चिंत व्हायचे नाही, अशी ती अवस्था होती. ऑस्नाब्र्युक हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन असल्यामुळे त्याचे नाव अशा बातम्यांत वारंवार येत होते. २५ मार्च १९४५ रोजीच्या हल्ल्यात त्या गावाची सर्वांत मोठी हानी झाली.

रेमार्क यांच्यासारख्या निर्वासितांची स्थिती यापेक्षाही अवघड होती. इतरांची भीती बॉम्बची होती. यांची भीती बॉम्बबरोबर गेस्टापोचीही होती. देशाबाहेर गेलेल्या शत्रूचे नातेवाईक हे ओलीस असतात. त्यांना पत्र पाठवणे म्हणजे त्यांच्यावर संशय ओढवून घेणे. म्हणून मौन बाळगणे हीच काळजी घेण्याची एकमेव रीत उरे. रेमार्क व एल्फ्रीडे यांचा संपर्क तसाही बऱ्याच वर्षांपासून फारसा राहिलेला नव्हता.

एल्फ्रीडे शोल्झ यांचा खटला

एल्फ्रीडे यांचा विवाह हाइन्त्स शोल्झ या वादकाशी झाला होता व ते सैन्यात होते. युद्ध हरल्यात जमा आहे, आघाडीवरील सैनिक म्हणजे केवळ तोफांच्या तोंडी दिलेला चारा आहे, आणि संधी मिळाली तर आपण स्वतः हिटलरला गोळी घालू, अशा आशयाचे बोलणे त्यांनी परिचितांजवळ केले होते. ते बोलणे अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवले गेले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांना अटक झाली.

२९ ऑक्टोबर १९४३ रोजी बर्लिन येथील 'फोल्क्सगेरिख्ट्सहोफ' म्हणजे लोकन्यायालयापुढे त्यांचा खटला चालला. नाव लोकन्यायालय असले तरी राजकीय विरोधकांना शिक्षा देण्यासाठी नाझींनी उभारलेली ती यंत्रणा होती. न्यायालयाचे अध्यक्ष रोलांड फ्राइस्लर होते. सैन्यशक्तीचे खच्चीकरण केल्याच्या आरोपावरून एल्फ्रीडे यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. भाऊ हातून निसटला असला तरी बहीण निसटणार नाही, अशा अर्थाचे उद्गार फ्राइस्लर यांनी सुनावणीत काढल्याचे सांगितले जाते. १६ डिसेंबर १९४३ रोजी बर्लिनच्या प्लोत्सेन्झे तुरुंगात गिलोटिनने त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. त्यानंतर कारावास व शिक्षेची अंमलबजावणी यांच्या खर्चापोटी ४९५ राइशमार्क ८० फेनिगचे देयक बहीण एर्ना यांच्याकडे पाठवण्यात आले.

अटलांटिकच्या पलीकडे या घटनेचा मागमूसही नव्हता. १९४४ मध्ये रेमार्क यांनी अमेरिकी गुप्तवार्ता विभागासाठी, युद्धोत्तर जर्मनीतील जनतेचे प्रबोधन कसे करावे, यावर एक टिपण लिहून दिले. जर्मन लष्करशाहीचे खरे स्वरूप व नाझींचे गुन्हे जर्मन जनतेपुढे मांडले पाहिजेत, असा त्याचा रोख होता. ते लिहीत असताना आपल्याच घरातील गुन्हा त्यांना ठाऊक नव्हता. १९४५ मध्ये त्यांची 'आर्च ऑफ ट्रायम्फ' ही कादंबरी इंग्रजीत आली व तिच्या लाखो प्रती खपल्या. पॅरिसमध्ये कागदपत्रांविना लपून राहणारा जर्मन शल्यविशारद राविक आणि त्याचा छळ करणारा गेस्टापो अधिकारी यांची ती कथा आहे. नायक त्या अधिकाऱ्याला शोधून ठार करतो. रेमार्क यांच्या स्वतःच्या आयुष्यात असा निवाडा कधी झाला नाही.

बहिणीच्या मृत्यूची वार्ता त्यांना १९४६ मध्ये मिळाली. म्हणजे अडीच वर्षे ते एका मृत व्यक्तीला जिवंत धरून चालले होते. १९४७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील आपल्या घरी परतले. पुढील काळ त्यांनी पोर्तो रोन्को व न्यूयॉर्क असा वाटून घेतला.

युद्धोत्तर लेखन

'डेर फुंके लेबेन' (१९५२) ही छळछावणीतील कैद्यांवरील कादंबरी रेमार्क यांनी बहिणीच्या स्मृतीस अर्पण केली. त्यांनी स्वतः छळछावणी पाहिलेली नव्हती. सुटून आलेल्यांच्या हकिकती व कागदपत्रे यांच्या आधारे त्यांनी ती अनेक वर्षे खपून लिहिली. जर्मन वाचक बहिष्कार टाकतील या भीतीने एका स्विस प्रकाशकाने करार मोडला. पुढे जर्मनीत ती निघाली, तेव्हा जर्मन आवृत्तीत अर्पणपत्रिका नव्हती. देशाबाहेर सुखाने राहिलेला पळपुटा, अशी त्यांच्याविषयीची भावना त्या वेळी जर्मनीत सर्रास आढळे. असे म्हणणाऱ्यांना एल्फ्रीडे यांच्याविषयी माहिती नसावी, किंवा करून घ्यायची नसावी.

जुलै १९५२ मध्ये रेमार्क जवळजवळ वीस वर्षांनी ऑस्नाब्र्युकला गेले आणि वृद्ध वडिलांना भेटले. बालपणीच्या गावाचा मोठा भाग नष्ट झालेला होता. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी 'त्साइट त्सू लेबेन उंड त्साइट त्सू श्टेर्बेन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. रशियन आघाडीवरून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला एर्न्स्ट ग्रेबर हा सैनिक गावी पोहोचतो, तो आपले घर ढिगाऱ्यात सापडते आणि आईवडिलांचा पत्ता नसतो. कचेऱ्यांतून चौकशी करणे, पडक्या घराच्या दारावर लावलेल्या चिठ्ठ्या वाचणे, रुग्णालये पालथी घालणे यातच त्याची रजा संपते. कादंबरीतील गावाचे नाव वेगळे असले तरी ते ऑस्नाब्र्युक आहे, हे उघड आहे. ग्रेबरच्या पत्नीचे वडील छळछावणीत असतात आणि अखेरीस त्यांची रक्षा तेवढी कचेरीतून हाती येते. ४९५ मार्कांचे ते देयक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रसंग वाचताना त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जर्मन प्रकाशकाने या कादंबरीतील काही मजकूर वगळला व काही सौम्य केला. मूळ संहिता १९८९ मध्ये पुनर्स्थापित झाली.

या कादंबरीवरील १९५८ च्या अमेरिकी चित्रपटात रेमार्क यांनी वृद्ध शिक्षक पोलमान यांची भूमिका स्वतः केली. चित्रपटाचे दिग्दर्शक डग्लस सर्क हेही जर्मनीतून अमेरिकेत आलेले होते. पहिल्या पत्नीकडे राहिलेला त्यांचा एकुलता मुलगा जर्मन सैन्यात भरती होऊन १९४४ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला होता. आघाडीवरील तरुण जर्मन सैनिकाच्या शेवटच्या रजेची ही कथा अशा रीतीने एका भावाने लिहिली आणि एका पित्याने पडद्यावर आणली.

'डेर श्वार्त्से ओबेलिस्क' (१९५६) आणि 'डी नाख्ट फॉन लिसाबोन' (१९६२) या त्यांच्या नंतरच्या कादंबऱ्याही उल्लेखनीय आहेत. पहिलीत थडग्यांच्या दगडांच्या विक्रीचा जुना अनुभव, तर दुसरीत पारपत्रासाठी वणवण करणाऱ्या निर्वासितांचे जीवन आले आहे. न्यूयॉर्कमधील निर्वासितांवरील 'शाटेन इम पाराडीस' ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली.

अखेरची वर्षे व स्मृती

युट्टा यांच्याशी १९५७ मध्ये पुन्हा घटस्फोट झाल्यावर, १९५८ मध्ये त्यांनी अमेरिकी अभिनेत्री पॉलेट गोडार्ड यांच्याशी विवाह केला. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारने त्यांना संघीय सेवा सन्मान दिला. काढून घेतलेले नागरिकत्व मात्र परत देऊ करण्यात आले नाही. त्यासाठी अर्ज करावा लागला असता. जे आपण स्वतः सोडले नाही ते अर्ज करून मागायचे नाही, ही रेमार्क यांची भूमिका होती व ती त्यांनी बदलली नाही.

बहिणीच्या खटल्यास जबाबदार असलेल्यांना न्यायालयापुढे आणावे, असा प्रयत्न त्यांनी आयुष्याच्या अखेरीस केला. न्युरेम्बर्ग खटल्यात अमेरिकेच्या बाजूने काम केलेले वकील रॉबर्ट केम्प्नर यांच्याकडे त्यांनी ते काम सोपवले. फ्राइस्लर फेब्रुवारी १९४५ मध्येच बर्लिनवरील हवाई हल्ल्यात ठार झाले होते, परंतु खटल्याशी संबंधित अन्य व्यक्ती हयात होत्या. चौकशी निष्फळ ठरली आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

२५ सप्टेंबर १९७० रोजी लोकार्नो येथे हृदयविकाराने रेमार्क यांचे निधन झाले. रोन्को येथील दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. १९९० मध्ये पॉलेट गोडार्ड यांचे दफनही तेथेच झाले. गोडार्ड यांनी न्यूयॉर्क विद्यापीठास दिलेल्या देणगीतून तेथे युरोपच्या अभ्यासासाठी रेमार्क संस्था स्थापन झाली. ऑस्नाब्र्युक येथे रेमार्क शांतता केंद्र असून १९९१ पासून त्यांच्या नावाने शांतता पुरस्कार दिला जातो.

ऑस्नाब्र्युक नगरपालिकेने १९६८ मध्ये, रेमार्क हयात असतानाच, एका रस्त्यास एल्फ्रीडे शोल्झ यांचे नाव दिले. शहराच्या वळणरस्त्याच्या एका भागास रेमार्क यांचे नाव त्यानंतर, १९७१ मध्ये, देण्यात आले. लोकन्यायालय हे न्यायालय नसून दहशतीचे साधन होते, असा ठराव पश्चिम जर्मनीच्या संसदेने जानेवारी १९८५ मध्ये संमत केला. एल्फ्रीडे यांच्यावरील निकालासह त्या न्यायालयाचे सर्व निकाल १९९८ च्या कायद्याने रद्द झाले.